ग्लांडची यादी आणि बेटातला बिबट्या

ऑक्टोबर 2025च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जेमतेम तीन आठवड्यांत, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड–जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन मुलं होती. लोकांचा संयम सुटला. वनखात्याची गाडी जाळली गेली, पुणे–नाशिक महामार्ग अडवला गेला आणि अखेरीस नेमबाजांनी एक बिबट्या टिपला. त्यानंतरच्या बैठकांत आणि निवेदनांत एक मागणी सारखी येत राहिली: बिबट्याला ‘शेड्यूल वन’मधून, म्हणजे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतून काढा. या मागणीला जोडून एक तक्रारही ऐकू येते. हे कायदे इथल्या शेतकऱ्याला विचारून झालेलेच नाहीत. बाहेरच्या संस्थांनी सांगितलं, दिल्लीने मान डोलावली, आणि निस्तरायला शिरूरचा बेट भाग.

या तक्रारीत तथ्य किती, हा प्रश्न शिरूरपुरता नाही. आंतरराष्ट्रीय पर्यावरण संस्थांचा राष्ट्रीय सरकारांच्या धोरणांवर किती आणि कसा प्रभाव पडतो, यावर गेली पन्नास वर्षं वाद चालू आहे. हवामान, धरणं, जंगलं, जनुकीय बियाणं अशा अनेक अंगांनी तो मांडता येईल. इथे तो बिबट्याच्या निमित्ताने मांडला आहे, कारण या एका प्राण्याच्या बाबतीत स्वित्झर्लंडमधल्या ग्लांड गावी असलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या कार्यालयापासून पिंपरखेडच्या बांधापर्यंतची साखळी बऱ्यापैकी कडी-कडीने दाखवता येते.

उसातला बिबट्या

शिरूर आणि दौंड हे मुळात पर्जन्यछायेतले, बाजरी-ज्वारीचे तालुके. घोड आणि कुकडी या नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्याला बेट भाग म्हणतात. पिंपरखेड, जांबूत, कवठे येमाई, टाकळी हाजी ही गावं त्यातली. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभ्याचं पाणी कालव्यात आलं, चिंचणीला घोड धरण झालं, चासकमानचा कालवा शिरूरकडे वळला. दौंडच्या अंगाला खडकवासल्याचं पाणी आणि भीमा, मुळा-मुठेचे काठ. न्हावरे आणि पाटस इथे सहकारी कारखाने उभे राहिले, राहू बेटात गुऱ्हाळं चालतात. पाणी आलं तिथे ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. दाट, गार, माणसाचा वावर कमी, आणि बांधापलीकडे वस्तीवरची कुत्री, शेळ्या, धनगरांच्या वाड्यातली मेंढरं. बिबट्याला याहून जास्त काही लागत नाही.

ऊसतोड सुरू झाली की याचा पुरावा हातात येतो. फड अर्धा तुटला की कोयत्याच्या टोळीला पाचटात बिबट्याची पिल्लं सापडतात. मग तोड थांबते आणि वनखात्याची माणसं येतात. पिल्लं तपासून फळांच्या क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि समोर कॅमेरा लावतात. अंधार पडला की मादी येते, क्रेट उलथवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या न तुटलेल्या फडात नेते. दुसऱ्या दिवशी टोळी पुन्हा कामाला लागते. या कामात वनखात्याला मदत करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था 1995 साली दिल्लीत स्थापन झाली. जुन्नरजवळचं माणिकडोह बिबट निवारा केंद्र ती 2007 पासून खात्याबरोबर चालवते, आणि तिच्या पाठीशी अमेरिका व ब्रिटनमधले देणगीदार आहेत. परदेशी प्रभाव म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी ठसठशीत गोष्ट ही एवढीच असते. खरा प्रभाव असा फडात दिसत नाही. तो कायद्याच्या अनुसूचीत आणि मार्गदर्शक सूचनांत बसलेला असतो.

कायदा कसा आला

वन्यजीव हा विषय आधी राज्यांचा होता. मुंबई राज्याचा स्वतःचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा 1951चा. शिकार परवान्यावर चालायची. चित्र बदललं ते नोव्हेंबर 1969 मध्ये, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची, म्हणजे आययूसीएनची, दहावी महासभा दिल्लीत भरली तेव्हा. 1948 साली फ्रान्समध्ये स्थापन झालेली ही संस्था. सरकारं आणि स्वयंसेवी संस्था दोन्ही तिचे सभासद. त्या सभेत वाघाची गणना धोक्यातल्या प्राण्यांत झाली आणि त्याची शिकार थांबवण्याचा ठराव झाला. इंदिरा गांधींनी या सभेपुढे भाषण केलं होतं. 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1969च्याच नोव्हेंबरात वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची भारतीय शाखा मुंबईत न्यास म्हणून नोंदली गेली.

पुढची तीन वर्षं घटनांची गर्दी आहे. जून 1972 मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद झाली. यजमान देशाचे ओलोफ पाल्मे सोडले तर तिथे हजर असलेल्या पंतप्रधान एकट्या इंदिरा गांधी. त्याच सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. फंडाचे गाय माउंटफर्ट यांनी वाघासाठी दहा लाख डॉलर उभारण्याचं आश्वासन दिलं, आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता.

हा क्रम वाचला की परदेशी संस्थांनी धोरण घडवलं असं सरळ वाटतं. पण कायद्याची प्रस्तावना उघडली की दुसरी बाजू दिसते. वन्यजीव हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. राज्यघटनेच्या कलम 252 खाली राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून तशी विनंती करावी लागली. प्रस्तावनेत अशा 11 राज्यांची नावं आहेत आणि त्यांत महाराष्ट्र नाही. महाराष्ट्राने कायदा नंतर स्वीकारला. मसुद्यामागे एम. के. रणजितसिंह यांच्यासारखे सनदी अधिकारी होते. सालिम अली, झफर फतेहअली अशी मुंबईची माणसं होती आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची 1883 पासूनची परंपरा होती. तेव्हा ‘बाहेरून आलेला कायदा’ म्हणताना हे लक्षात घ्यावं लागतं की बाहेरच्यांशी बोलणारी माणसं इथलीच होती. मात्र ती माळावर मेंढरं चारणाऱ्यांपैकी नव्हती, हेही तितकंच खरं.

1976 साली दोन गोष्टी घडल्या. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आले. आणि धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइटीस कराराला भारताने मान्यता दिली. वन्यजीव कायद्याच्या 1991च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकार संपली. 2022च्या दुरुस्तीत साइटीससाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आलं, सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. आंतरराष्ट्रीय कराराचा भारतीय कायद्याच्या कलमांवर उमटलेला सर्वांत स्पष्ट ठसा हा.

प्रभावाच्या वाटा

पहिली वाट याद्यांची. आययूसीएनच्या लाल यादीत बिबट्या 2016 पासून ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात तो करार झाल्यापासून आहे. आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहेच. गावातल्या बोलण्यात हे तिन्ही एक होऊन जातात आणि तिथेच बरीच गफलत होते. लाल यादीला कायद्याचं बळ नाही. ती शास्त्रज्ञांनी केलेली नोंद आहे. साइटीस फक्त सीमेपलीकडच्या व्यापारापुरता आहे. शिरूरमध्ये बिबट्या पकडावा, मारावा की सोडावा याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. उलट साइटीसनेच आफ्रिकेतल्या काही देशांना बिबट्याच्या शिकारीतून मिळालेली कातडी बाहेर पाठवण्याचा वार्षिक कोटा ठरवून दिला आहे. म्हणजे त्याच परिशिष्टात असलेला प्राणी एका देशात परवान्याने मारता येतो आणि दुसऱ्यात येत नाही. हा फरक भारतीय संसदेने केलेल्या कायद्याचा आहे.

पण यादीला बळ नसलं तरी वजन असतं. एकदा प्राणी वरच्या वर्गात बसला की त्याला खाली आणण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या मंत्र्याला देशाबाहेरही उत्तर द्यावं लागतं. शिवाय यादी प्रजातीचा विचार करते, गावाचा नाही. जगभरात बिबट्यांचं क्षेत्र आक्रसत असताना बेट भागात ते दाट असू शकतात. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि ती एकाच वेळी बसतील असा रकाना यादीत नाही.

दुसरी वाट पैशाची. तिची चर्चा सर्वांत जास्त होते आणि माझ्या मते तिचं महत्त्व सर्वांत कमी आहे. व्याघ्र प्रकल्पातही खर्चाचा मोठा भार सरकारी तिजोरीनेच उचलला. फंडाच्या डॉलरांनी ओळख आणि उपकरणं दिली. संशय मात्र जुना आहे. 1970च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी मदतीने चाललेल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासामागे जैविक युद्धाचा हेतू असावा, अशी शंका निघाली होती. प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं आणि सालिम अलींना खुलासे करत बसावं लागलं. 2014 मध्ये गुप्तचर विभागाच्या अहवालाने परदेशी निधीवरच्या संस्थांमुळे विकासदराला फटका बसतो असं म्हटलं. 2015 मध्ये ग्रीनपीस इंडियाची परदेशी देणग्यांची नोंदणी रद्द झाली. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देणंच बंद केलं. गावपातळीवर काम करणाऱ्या छोट्या गटांना असा पैसा बहुधा मोठ्या संस्थेकडून यायचा, तो आटला.

तिसरी वाट शास्त्राची, आणि आपल्या भागाच्या बाबतीत हीच सर्वांत वाहती. 2001 पासून जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दूर जंगलात सोडण्याचा धडाका लावला गेला. हा विभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास केला; त्यांच्या गटात नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. 2011 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, 29 बिबटे सरासरी 40 किलोमीटर दूर नेऊन सोडल्यानंतर ही सरासरी 17 वर गेली. दूर सोडलेला बिबट्या तिथे टिकत नाही, परत फिरतो, आणि अनोळखी मुलखात बिथरलेला असतो. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ माळशेज घाटातून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला, ते याच संशोधनात गळपट्ट्याच्या नोंदींवरून कळलं. त्याच्यावर 2014 मध्ये मराठी सिनेमाही आला.

या गटाचा अकोले तालुक्यातला अभ्यास 2013 साली आला. जंगल नसलेल्या, चौरस किलोमीटरला 300हून अधिक माणसं असलेल्या शेतीपट्ट्यात दर 100 चौरस किलोमीटरला साधारण 5 प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के पाळीव प्राणी होते, आणि त्यांतही कुत्री सर्वाधिक. ‘जंगलतोडीमुळे बिचारा गावात आला’ हे शहरी वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. हा बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो.

या संशोधनाचा धोरणावर परिणाम झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये मानव–बिबट संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नये, पकडून दूर सोडण्याची सवय मोडावी, लोकांशी आधी बोलावं, असा त्यांचा रोख होता. अत्रेय पुढे न्यूयॉर्कच्या वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटीच्या भारतीय शाखेत काम करू लागल्या. आता हा परदेशी प्रभाव म्हणायचा का? आकडे जुन्नरचे, संशोधक महाराष्ट्रात काम करणाऱ्या, पद्धत आंतरराष्ट्रीय, सूचना दिल्लीच्या. देशी-परदेशी अशी रेघ इथे ओढताच येत नाही.

चौथी वाट न्यायालयाची. ती बिबट्यापर्यंत फारशी आलेली नाही, म्हणून थोडक्यात. फंडाच्या भारतीय शाखेच्या पर्यावरण कायदा केंद्राने लावून धरलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवण्याचा आदेश दिला. सिंह अजून गुजरातेतच आहेत. कुनोत 2022 साली आले ते आफ्रिकेतले चित्ते.

काय म्हणतात कोण

एक मत संवर्धकांचं. स्थानिक राजकारण पाच वर्षांच्या हिशेबात चालतं आणि जंगली प्राण्याला मत नसतं. म्हणून बाहेरचा दबाव हवाच, असं ते मांडतात. 1969चा दिल्लीचा ठराव झाला नसता तर वाघ राहिला नसता, हा त्यांचा हुकमी दाखला. बिबट्यांच्या कातडी-नखांचा व्यापार देशाबाहेर जातो, तो एकट्या वनखात्याला रोखता येत नाही, हा मुद्दाही वजनदार आहे.

दुसरं मत याच्या थेट विरुद्ध. रामचंद्र गुहा यांनी 1989च्या एका गाजलेल्या निबंधात म्हटलं होतं की निर्मनुष्य अरण्याची अमेरिकी कल्पना भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात आणली की तिची किंमत गरीब शेतकरी आणि आदिवासी मोजतात. व्याघ्र प्रकल्प हे त्यांचं उदाहरण. माधव गाडगीळ वेगळ्या दिशेने याच्या जवळ आले: अभयारण्याबाहेरही शिकारीवर सरसकट बंदी घालणारा कायदा जगात क्वचितच आहे, स्कॅन्डिनेव्हियासारखी शास्त्रीय, मर्यादित शिकार लोकांच्या हाती द्यावी, असं त्यांनी वारंवार मांडलं. गंमत अशी की परदेशी नमुन्यावर टीका करणारेही दुसऱ्या परदेशी नमुन्याचा आधार घेतात, आणि त्यात वावगं काही नाही.

तिसरं मत सरकारी वर्तुळातलं: परदेशी संस्था आपल्या सार्वभौम निर्णयात ढवळाढवळ करतात. पण याच वर्तुळाने एप्रिल 2023 मध्ये म्हैसूरला आंतरराष्ट्रीय बिग कॅट अलायन्स सुरू केली, तिचं मुख्यालय भारतात ठेवलं आणि 2024 मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 150 कोटी मंजूर केले. सात मोठ्या मांजरांत बिबट्या आहे. म्हणजे आक्षेप आंतरराष्ट्रीय प्रभावाला नसून तो कोणाच्या हातात आहे याला आहे, असं दिसतं.

चौथं मत मला सर्वांत टिकाऊ वाटतं: सरकार बाहेरचा सल्ला निवडून घेतं. महेश रंगराजन यांच्यासारख्या इतिहासकारांनी इंदिरा गांधींच्या पर्यावरण धोरणात देशांतर्गत राजकारणाची गरज किती होती ते दाखवलं आहे. अलीकडचं उदाहरण पश्चिम घाटाचं. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीपुढे आययूसीएनने नामांकन पुढे ढकलण्याची शिफारस केली होती. भारताने राजनैतिक बळ लावून ती बाजूला सारली आणि कास, कोयना, चांदोली, राधानगरीसह 39 स्थळं यादीत आली. मानपत्र घेतलं. पण घाटातल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अंतिम अधिसूचना मसुद्यांवर मसुदे काढत लांबत राहिली. सल्ला सोयीचा असेल तर ‘आंतरराष्ट्रीय मानक’, गैरसोयीचा असेल तर ‘परकीय हस्तक्षेप’: सगळ्या पक्षांच्या सरकारांनी हे केलेलं आहे.

बेट भागातल्या माणसाचं मत या चारांपैकी कशातच नीट बसत नाही. त्याला बिबट्या नको आहे असंही सरसकट नाही. त्याची मागणी बहुधा अशी असते: दिवसा थ्री फेज लाइट द्या, म्हणजे रात्री दारं धरायला उसात शिरावं लागणार नाही, पिंजरा मागितल्यावर लगेच द्या, वस्तीला तारेचं कुंपण द्या. 2025च्या नोव्हेंबरात पिंपरखेडच्या काही बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जात होत्या. पूर्वी हे पट्टे मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचे. त्या फोटोंइतका बोलका दस्तऐवज या वादात दुसरा नाही.

पिंपरखेडनंतरचा कागद

घटनांनंतर राज्य सरकारने वेगवेगळ्या दिशांनी हालचाल केली. पुणे जिल्ह्यातली दोनशेहून अधिक गावं आपत्तीप्रवण धरली गेली. बिबट माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग मोजक्या संख्येने करण्याला केंद्राची परवानगी मिळवली गेली. पकडलेले बिबटे जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात पाठवण्याचा विचार पुढे आला. हे देशांतर्गत स्थलांतर असल्यामुळे त्यात साइटीसचा प्रश्न येत नाही. आणि बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून दुसरीत नेण्याची मागणी केंद्राकडे गेली.

या शेवटच्या मागणीने काय बदलेल ते नेमकं पाहायला हवं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला तरी त्याला मारण्याचा आदेश फक्त राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने द्यायचा, तोही पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नसेल तर. महाराष्ट्रात हा अधिकारी नागपूरला बसतो. दुसऱ्या अनुसूचीत हा अधिकार खालच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे येऊ शकतो, आणि कारणांत मालमत्तेचं, उभ्या पिकाचंही नुकसान धरता येतं. पुढे जाऊन कलम 62 खाली केंद्राला दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी ठराविक भागापुरता, ठराविक काळापुरता उपद्रवी जाहीर करता येतो. तेव्हा बदल छोटा नाही. त्याच्या बाजूचे म्हणतात, निर्णय घटनास्थळाजवळ येईल आणि वेळेवर होईल. विरोधक म्हणतात, पिंपरखेडला जो मारला तो पहिल्या अनुसूचीतला असतानाच मारला; कायद्याने हात बांधले नव्हते, उशीर यंत्रणेचा होता. दोन्ही बाजूंची वस्तुस्थिती बरोबर आहे.

आंतरराष्ट्रीय संस्थांची भूमिका या टप्प्यावर लोकांना वाटते त्यापेक्षा मवाळ आहे. आययूसीएनच्या तज्ज्ञगटाने 2023 मध्ये काढलेली संघर्ष आणि सहजीवनाची मार्गदर्शिका प्राणी मारण्यावर सरसकट बंदी सांगत नाही. ती सांगते की समोर दिसणाऱ्या भांडणाखाली जुन्या, न मिटलेल्या तक्रारी असतात आणि त्यांना हात न लावता केलेला उपाय टिकत नाही. बेट भागात ही जुनी तक्रार शोधायला फार खोल जावं लागत नाही. 2022च्या कुनमिंग–मॉन्ट्रियल जैवविविधता आराखड्याच्या चौथ्या उद्दिष्टातही संघर्ष कमी करणं हे सरकारांचं काम म्हणून लिहिलं आहे. म्हणजे गावाने आंतरराष्ट्रीय कागद पुढे करून सरकारला जाब विचारायचा ठरवला तर तेही शक्य आहे. अजून तसं कोणी केलेलं दिसत नाही.

न मिटलेलं

कार्यकारणाचा गुंता सुटलेला नाही. 1972चा कायदा दबावामुळे झाला की दबावाशिवायही झाला असता, याचा निवाडा इतिहासकारांत नाही, आणि होईल असंही वाटत नाही.

नसबंदीबद्दल शास्त्र कच्चं आहे. मोकळ्या रानातल्या, सतत ये-जा असलेल्या बिबट्यांत थोड्या माद्यांवर प्रयोग करून संख्या खाली येते का, हे काही वर्षं पाहिल्याशिवाय कळणार नाही. एका जागेची मादी हटली की दुसरी येते, हा अनुभव पकडापकडीत आलेला आहेच. भरपाईचा प्रश्नही अर्धवट आहे. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर 25 लाख मिळतात, पण त्यातली मोठी रक्कम मुदत ठेवीत जाते, आणि रात्रीची झोप गेल्याची भरपाई कुठल्या तक्त्यात नाही.

विजेचा प्रश्न पर्यावरण धोरणाच्या चर्चेत येतच नाही, हे मला सर्वांत खटकतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळायला लागली तर माणूस आणि बिबट्या एकाच वेळी एकाच सरीत असण्याचे प्रसंग कमी होतील. एखाद्या यादीतल्या बदलापेक्षा याचा परिणाम मोठा असू शकतो. तो मोजायचा प्रयत्न मात्र ना वनखात्याच्या कक्षेत बसतो, ना महावितरणच्या.

आणि मोजणीचा प्रश्न. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या अहवालानुसार देशात 13,874 बिबटे, महाराष्ट्रात 1,985. 2018च्या फेरीत राज्याचा आकडा 1,690 होता. ही गणना व्याघ्रगणनेच्या जोडीने, मुख्यतः वनक्षेत्रांत होते. उसाचे फड तिच्या चौकटीबाहेर राहतात. शिरूरमध्ये निदान जुन्नर विभागाचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आणि संशोधन आहे. भीमा ओलांडून दौंडला गेलं की विभाग बदलतो, पुणे विभागाची हद्द लागते. नदी तीच, ऊस तोच, फाइल दुसऱ्या टेबलावर. व्याघ्रगणनेची 2026ची फेरी पूर्ण झाली की बिबट्यांचाही नवा आकडा येईल. अनुसूची बदलण्याच्या मागणीवर दिल्लीत चर्चा होईल तेव्हा तोच समोर धरला जाईल. उसाच्या पट्ट्यासाठी वेगळी पद्धत लावली नाही, तर ज्या गावांनी ही मागणी उचलून धरली त्यांच्या शिवारातला एकही बिबट्या त्या आकड्यात नसेल.